चिनी शहरातला रस्ता : अंगण कुणाचे, राखण कुणाची?

मध्य चीनमधील वुहान शहरात सकाळच्या न्याहारीसाठी एक खास शब्द आहे : 'ग्वोझाओ'. त्याचा शब्दशः अर्थ 'सकाळ पार करणे'. घरी चूल पेटवून न्याहारी करण्याची रीत त्या शहरात फारशी नाही. पहाटे सहाच्या सुमारास माणसे गल्लीच्या तोंडाशी येतात, तिळाच्या दाट वाटणात घोळलेल्या गरम नूडल्स कागदी वाडग्यात घेतात आणि बसथांब्यावर उभ्याने, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, नाहीतर चालता चालताच त्या संपवतात. उत्तरेकडे तियांजिन-बीजिंगच्या बाजूला ही वेळ 'च्यानबिंग'ची. तव्यावर पातळ पीठ पसरायचे, त्यावर अंडे फोडायचे, कांद्याची पात भुरभुरायची, सोयाबीनची खारट-गोड चटणी फासायची, मध्ये कुरकुरीत पापडी ठेवून घडी घालायची. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. ग्वांगझूत मात्र सकाळ अशी घाईने पार करत नाहीत. तिथे वृद्ध मंडळी चहाघरात तासन्‌तास बसतात, बांबूच्या डब्यांतून वाफाळते पदार्थ येत राहतात, आणि कुणी पेल्यात चहा ओतला तर तोंडाने आभार न मानता दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करतात.

चीनला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत यातले बहुधा काहीच नसते. बसमधून उतरायचे, भिंत पाहायची, राजवाडा पाहायचा, भारतीय जेवण देणारे उपाहारगृह गाठायचे, की दिवस संपला. एकट्याने फिरणाऱ्याला मात्र रस्त्यावाचून गत्यंतर नसते. भूक, तहान, चुकलेली वाट, दुखणारे पाय, या सगळ्यांची उत्तरे त्याला रस्त्यावरच शोधावी लागतात. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५च्या ऑक्टोबरमध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा अशा एकट्यादुकट्या भारतीय प्रवाशांची वाट थोडी सोपी झाली. पहिल्या दोन दिवसांत त्यांच्या नजरेत भरतात ते स्वच्छ पदपथ, आवाज न करता अंगावर येणाऱ्या विजेच्या दुचाक्या आणि मध्यरात्री निर्धास्तपणे एकट्या चालणाऱ्या स्त्रिया. तिसऱ्या दिवसापासून प्रश्न पडू लागतात. हा रस्ता झाडतो कोण, त्यावर विकतो कोण, आणि त्यावर थांबण्याची मुभा कुणाला आहे?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते : बाहेरगावचा माणूस. चीनच्या जवळजवळ प्रत्येक शहरात 'लानझोऊ नूडल्स' अशी पाटी आढळते. आत कणकेचा गोळा हातांनी ताणत, दुमडत, पुन्हा ताणत दोऱ्यासारख्या बारीक शेवया काढणारा तरुण डोक्यावर पांढरी टोपी घातलेला असतो. तो हुई मुसलमान. पाटीवर लानझोऊचे नाव असले तरी मालक पुष्कळदा शेजारच्या छिंगहाय प्रांतातल्या ह्वालोंग या गरीब डोंगराळ तालुक्यातला निघतो. फूच्यान प्रांतातल्या शाश्येन गावाच्या नावाने चालणारी स्वस्त खाणावळही अशीच देशभर पसरली आहे. एका टापूतली माणसे एक धंदा धरतात, मागून भाऊबंद येतात आणि परमुलखात त्या गावाचे नावच पदार्थाचे नाव होऊन बसते. उडुपी हॉटेलांची परंपरा पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

फरक आहे तो कागदाचा. उडुपीहून मुंबईला आलेल्या माणसाने मुंबईत राहण्यासाठी कुणाची नोंद बदलून घ्यावी लागली नाही. चीनमध्ये १९५८च्या नियमांपासून प्रत्येक कुटुंबाची 'हुकोउ' ही नोंद असते आणि ती जन्मगावाशी, खरे तर आईबापांच्या गावाशी बांधलेली असते. शहरात येऊन काम करण्यास आज आडकाठी नाही. परंतु मुलाला सरकारी शाळेत प्रवेश, महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा, आरोग्यविम्याचे पूर्ण लाभ, कित्येक ठिकाणी घर विकत घेण्याची परवानगी, हे सारे त्या नोंदीवर ठरते. ग्रामीण नोंदीचे पण शेतीबाहेरच्या कामाला लागलेले मजूर चीनमध्ये सुमारे ३० कोटी आहेत, आणि त्यांपैकी १७ कोटींहून अधिक आपली पंचक्रोशी सोडून परगावी राबतात. २०२३च्या अखेरीस देशातली ६६ टक्के माणसे शहरांत राहत होती; शहरी हुकोउ मात्र ४८ टक्क्यांकडेच होता. या दोन आकड्यांमधली जी १८ टक्के माणसे, तीच प्रवाशाला सकाळी तव्यामागे आणि रात्री झाडूमागे दिसतात. १० लाख ते ३० लाख वस्तीच्या शहरांनी ही बंधने उठवावीत, असे केंद्र सरकारने २०१९ साली सांगितले आहे. बीजिंग आणि शांघायची दारे मात्र अजून जड आहेत, आणि कमाई तिथेच अधिक.

प्रवाशाची स्वतःची कागदपत्रांची गाठ वेगळ्या जागी पडते. विमानतळाबाहेर पडून पहिली पाण्याची बाटली घेतानाच त्याला कळते, की खिशातल्या नोटा घ्यायला कुणी नाही म्हणत नाही, परंतु सुटे पैसे कुणाकडेच नाहीत. नोटा नाकारणे बेकायदा आहे, असे चीनच्या मध्यवर्ती बँकेने वारंवार बजावले आहे. पण गाड्यावरच्या बाईच्या गल्ल्यात नोटाच उरल्या नसतील तर कायदा काय करणार? व्यवहार होतो तो गाड्याला लटकवलेल्या, प्लास्टिकमध्ये मढवलेल्या क्यूआर चौकोनावर. क्यूआरची सवय भारतीय माणसाला आता नवी नाही. चीनमधली विशेष गोष्ट अशी, की पैसे देण्याचे ॲप हेच गप्पांचे, टॅक्सीचे, मेट्रोच्या तिकिटाचे, भाड्याच्या सायकलचे आणि दवाखान्यातल्या नंबराचेही ॲप असते. अलीपे २००४ पासून आहे, वीचॅटची देवघेव २०१३ पासून. परदेशी कार्डे त्यांना सर्रास जोडता येऊ लागली ती २०२३च्या मध्यानंतर. तोवर पर्यटक या व्यवहाराच्या जवळजवळ बाहेरच होता. आता २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर परदेशी कार्डाला अधिभार लागत नाही, त्यापुढे ३ टक्के लागतो. सकाळची न्याहारी सहसा दहा-पंधरा युआनांत आटोपते, तेव्हा रस्त्यावरच्या माणसाला हा अधिभार क्वचितच भेटतो.

खरी भीती फोनची बॅटरी संपण्याची. फोन बंद पडला, की पैसे, नकाशा, भाषांतर आणि परतीचा पत्ता एकाच वेळी नाहीसे होतात, आणि परक्या लिपीच्या शहरात माणूस निरक्षर होऊन उभा राहतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक दुकानात तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या पॉवर बँकांचे खोके असते. ते उघडायलाही क्यूआर लागतो, म्हणजे थोडी बॅटरी शिल्लक असतानाच शहाणपण सुचले पाहिजे. गूगल आणि व्हॉट्सॲप स्थानिक जाळ्यावर उघडत नाहीत. भारतीय सिमकार्डाचे रोमिंग घेतले तर उघडतात, कारण ती जोडणी आपल्या देशातल्या कंपनीमार्फत फिरून येते. आणखी एक सूचना इथेच दिलेली बरी : चीनमध्ये वाहने उजव्या बाजूने धावतात, लाल दिवा असतानाही उजवीकडे वळू शकतात, आणि विजेच्या दुचाक्या सायकलींच्या पट्ट्यातून दोन्ही दिशांनी येतात. रस्ता ओलांडताना मान दोन्हीकडे वळवावी.

बीजिंगच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांना 'हुतोंग' म्हणतात. राखाडी विटांच्या भिंती, मधूनच एखादे लाल दार, दाराआड चौक. एके काळी एका कुटुंबाचा असलेला चौक १९४९ नंतर पाच-दहा कुटुंबांत वाटला गेला, चौकात खोल्या चढल्या, आणि घरात शौचालयाला जागा उरली नाही. त्यामुळे दर शेदोनशे पावलांवर सार्वजनिक शौचालय. सकाळी रात्रीच्या कपड्यांत, हातात टूथब्रश घेऊन गल्लीतून चालत जाणाऱ्या आजोबांना पाहून प्रवासी गोंधळतो. आजोबांच्या दृष्टीने ते घरातल्या घरातच चाललेले असतात. शांघायच्या गल्ल्यांतही हेच घडले. एका स्वयंपाकघरात चार कुटुंबांच्या चुली असल्यावर भाजी निवडणे, कपडे वाळवणे, मुलाचा अभ्यास घेणे आणि शेजारणीशी भांडणे यांसाठी गल्लीखेरीज जागा कुठली? शांघायची माणसे पायजम्यात बाजाराला जातात, ही थट्टा देशभर चालते. २०१०च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी शहराच्या कारभाऱ्यांनी ही सवय मोडण्यासाठी मोहीमच काढली होती.

त्या मोहिमेत निदान स्वयंसेवक घरोघर जाऊन सांगत होते. दहा वर्षांनी, २०२० च्या जानेवारीत, आन्ह्वेइ प्रांतातल्या सूझोऊ शहराच्या नगर-व्यवस्थापन कार्यालयाने पायजम्यात फिरणाऱ्या सात जणांची कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे, त्यांची नावे आणि ओळखपत्रांचा काही तपशील 'असंस्कृत वर्तन' म्हणून जाहीर करून टाकला. लोक संतापले. पायजमा हा गुन्हा केव्हापासून झाला, आणि आमचा चेहरा ओळखून तो चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार कुणी दिला, असे प्रश्न चिनी समाजमाध्यमांवरच विचारले गेले आणि कार्यालयाला माफी मागावी लागली. या कॅमेऱ्यांच्या डोळ्याला पुरते दिसतेच असेही नाही. २०१८ साली निंगबो शहरात सिग्नल तोडणाऱ्यांचे चेहरे फलकावर झळकवणाऱ्या यंत्रणेने तोंग मिंगझू या प्रख्यात उद्योजिकेलाही दोषी ठरवले. त्या रस्त्यावर नव्हत्याच; समोरून गेलेल्या बसवरच्या जाहिरातीत त्यांचे छायाचित्र होते.

प्रवाशाला रात्री जी निर्धास्तता वाटते ती याच डोळ्यांखालची. ती खोटी नाही. उपाहारगृहात टेबलावर फोन ठेवून हात धुवायला जाणारी माणसे, इमारतीच्या दाराशी दिवसभर पडून राहिलेली पार्सले, हे सारे खरेच दिसते. परंतु दंडावर लाल पट्टी बांधून कोपऱ्यावर बसलेले निवृत्त शेजारी, मेट्रोच्या प्रत्येक स्थानकात सामानाची तपासणी, हॉटेलात पोचल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांकडे होणारी परदेशी पाहुण्याची नोंद, हीदेखील त्याच निर्धास्ततेची किंमत आहे. पाहुणा ती चार दिवस देतो. तिथल्या माणसाला ती रोज द्यावी लागते, आणि ती फार वाटते की रास्त वाटते हे उघडपणे बोलण्याची सोय फारशी नसते.

दुपारी शहर मंदावते. बँकेतला कारकून टेबलावर डोके टेकून झोपतो, दुकानदार आरामखुर्ची उघडतो. जागे असतात ते पिवळ्या आणि निळ्या जाकिटातले खाणे पोचवणारे तरुण. पिवळे मेइथ्वान कंपनीचे, निळे तिच्या प्रतिस्पर्ध्याचे. २०२३ साली एकट्या मेइथ्वानच्या ॲपवरून कमाई केलेल्यांची संख्या ७४ लाखांवर होती, म्हणजे गोव्याच्या लोकसंख्येच्या चारपटीहून अधिक. २०२० मध्ये एका चिनी मासिकाने या तरुणांवर दीर्घ लेख छापला होता. जेवढा वाहक चपळ, तेवढा ॲप पुढच्या वेळी वेळ कमी देतो; मग तो वेळ गाठण्यासाठी वाहक उलट्या दिशेने गाडी हाकतो आणि सिग्नल तोडतो, असे त्यातले दुष्टचक्र. लेख कोट्यवधी लोकांनी वाचला, कंपन्यांनी काही मिनिटे वाढवून दिली. दुपारी दोननंतर मागणी ओसरली, की हे तरुण आपल्या दुचाकीच्या बैठकीवरच आडवे होतात. डोके हँडलवर, पाय मागच्या खोक्यावर. हिवाळ्यात हँडलला गोधडीसारखे जाड आवरण बांधलेले असते, वाऱ्यापासून छाती आणि गुडघे झाकायला. ही गोधडी कुठल्याही कंपनीची कल्पना नव्हे, ती रस्त्याची.

दुपार टळली, की उद्यानांत वृद्धांचे राज्य सुरू होते. चेंगदूच्या जनउद्यानात १९२३ पासून चालू असलेले 'हमिंग' चहाघर आहे. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे पेले, गरम पाण्याचा थर्मास, आणि धातूचा चिमटा खणखणवत फिरणारे कान साफ करणारे कारागीर. पैसे पेलाभर चहाचे, बसायचे दिवसभर. एकट्या प्रवाशाला चीनमध्ये यापेक्षा चांगली जागा सापडणे कठीण. कुणी ना कुणी समोरची खुर्ची ओढतोच. 'यिंदू', म्हणजे भारत, हे उत्तर ऐकल्यावर साठीपुढचा माणूस हटकून 'आवारा'ची धून गुणगुणतो, तरुण असेल तर 'दंगल'चे नाव घेतो. फार वृद्ध किंवा उत्तरेकडचा असेल तर एखादे वेळी 'क दीह्वा' असे म्हणतो. ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव. जपानविरुद्धच्या युद्धात सेवा करताना ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. शिच्याझ्वांग शहरातल्या हुतात्मा स्मारकात त्यांचा पुतळा आहे आणि तिथे आजही फुले वाहिली जातात. परक्या उद्यानात एका मराठी माणसाच्या नावाने संभाषण सुरू व्हावे, याला भाषांतराच्या ॲपची गरज पडत नाही.

बीजिंगच्या उद्यानांत काही वृद्ध कमरेएवढ्या लांब कुंचल्याने फरसबंदीवर अक्षरे काढतात. शाई नसते, नुसते पाणी. उन्हाळ्यात पहिली ओळ वाळेपर्यंत तिसरी लिहून होते. शांघायच्या जनउद्यानात शनिवार-रविवारी वेगळाच लेखनप्रकार आढळतो. उघड्या छत्र्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येक छत्रीवर टाचलेला एक कागद. मुलगा किंवा मुलगी, जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, घर आहे का, आणि हुकोउ कुठला. छत्रीमागे आई किंवा वडील. ज्याचे लग्न जमवायचे तो किंवा ती बहुधा तिथे नसते. कित्येकांना आपला कागद लागला आहे याची कल्पनाही नसते. साधारण २००४-०५ पासून हा बाजार भरतो. चीनमध्ये २०१३ साली १ कोटी ३४ लाख विवाह नोंदले गेले होते. २०२४ मध्ये ६१ लाख. छत्र्या वाढल्या म्हणून आकडा वाढलेला नाही. प्रवाशांना हे दृश्य गमतीचे वाटते आणि ते छायाचित्रे काढू लागतात. मग छत्र्या पुढे झुकतात. ते झुकणे समजून घेऊन कॅमेरा आवरावा. कागदावर शांघायचा हुकोउ ठळक अक्षरांत का लिहिलेला असतो हे ज्याला उमगले, त्याला सकाळच्या तव्यामागची बाईही थोडी अधिक उमगलेली असते.

संध्याकाळी सातच्या सुमारास प्रत्येक चौकात, मॉलसमोर, पुलाखाली एकेक ध्वनिवर्धक ठेवला जातो आणि पन्नाशी-साठीतल्या स्त्रिया रांगा धरून नाचू लागतात. या 'चौकनृत्या'चे स्पष्टीकरण देताना परदेशी लेखक हटकून सांस्कृतिक क्रांतीकडे बोट दाखवतात : ज्यांचे तारुण्य सामुदायिक कवायतीत गेले, त्यांना म्हातारपणीही समुदायच हवा असतो. हे अर्धेच खरे वाटते. दुसरा अर्धा भाग साध्या हिशेबाचा आहे. कारखान्यातल्या कामगार स्त्रिया आजवर पन्नासाव्या वर्षी निवृत्त होत. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा हळूहळू ५५ पर्यंत नेली जात आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी कारखाने बंद पडले तेव्हा त्यांतल्या अनेकींचे काम चाळिशीतच सुटले होते. एकुलते एक अपत्य दूरच्या शहरात, घर दोन खोल्यांचे, व्यायामशाळेची वर्गणी परवडत नाही. अशा वेळी चौकात नाचायला पैसे पडत नाहीत, आणि एखादी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणी तरी तिचे दार वाजवते.

वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. २०१३ साली वुहानमध्ये वैतागलेल्या रहिवाशांनी नाचणाऱ्या स्त्रियांवर विष्ठा ओतली. पुढच्या वर्षी वेनझोऊत एका गृहसंकुलाने २ लाख ६० हजार युआन वर्गणी काढून प्रचंड ध्वनिवर्धक विकत घेतले आणि नाचाच्या वेळी नियमभंगाचा इशारा मोठ्याने वाजवायला सुरुवात केली. सरकारने २०१५ मध्ये बारा ठरावीक नृत्यप्रकार तयार करून पाहिले. ५ जून २०२२ पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नव्या कायद्यात सार्वजनिक जागेतल्या अशा करमणुकीचा स्वतंत्र उल्लेख आला. आता बऱ्याच ठिकाणी नाच ठरलेल्या वेळेला थांबतो, काही गट कानात श्रवणयंत्रे घालून मुकाट्याने नाचतात. संगीत ऐकू न येता पन्नास बायका एका तालात हात उंचावताना पाहणे हा बऱ्यापैकी अद्‌भुत अनुभव आहे.

नाचणाऱ्या स्त्रियांपाशी एक गोष्ट असते, जी कोपऱ्यावरच्या गाडेवाल्यापाशी नसते. त्या त्या शहराच्या असतात. कुणी तक्रार केली तर त्यांच्याशी बोलणी होतात. गाडेवाल्याशी मात्र 'छंगक्वान' बोलतात. १९९७ साली बीजिंगच्या एका भागातून सुरू झालेली ही नगर-व्यवस्थापनाची यंत्रणा पोलीस नव्हे. बेकायदा गाडे, पाट्या, बांधकामे हटवणे हे तिचे काम. वजनकाटा उचलून नेणे, तीनचाकी जप्त करणे, त्यातून झटापटी, असे प्रसंग देशभर झाले. २००९ साली शेनयांगमधल्या श्या च्युनफेंग या कबाबविक्रेत्याने अशा झटापटीनंतर दोन छंगक्वान कर्मचाऱ्यांना भोसकून मारले; स्वसंरक्षणाचा त्याचा दावा न्यायालयाने फेटाळला आणि २०१३ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. त्या निकालावर चीनमध्ये जितकी हळहळ व्यक्त झाली तितकी एखाद्या दोषी ठरलेल्या माणसासाठी क्वचितच होते. बीजिंगमध्ये २०१७ साली हुतोंगांतल्या भिंती फोडून काढलेली छोटी दुकाने विटा लावून बुजवण्यात आली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला शहराच्या दक्षिणेला, दाशिंग भागात, स्थलांतरितांच्या वस्तीतल्या इमारतीला आग लागून १९ माणसे दगावली. पाठोपाठ सुरक्षिततेच्या नावाखाली अशा वस्त्या ऐन थंडीत रिकाम्या करण्यात आल्या.

मग २०२० आले. महासाथीने कामे बुडाली तेव्हा तत्कालीन पंतप्रधान ली खछ्यांग यांनी, देशातल्या ६० कोटी माणसांचे मासिक उत्पन्न जेमतेम हजार युआन आहे, असे पत्रकार परिषदेत सांगून टाकले आणि त्या वर्षी १ जूनला यानताय शहरात गाडेवाल्यांमध्ये उभे राहून त्यांच्या धंद्याची पाठराखण केली. चेंगदूने त्याआधीच हजारो फिरत्या गाड्यांना मोकळीक दिली होती. कालपर्यंत गाडे उचलणारे छंगक्वान कुठे कुठे फोन करून विक्रेत्यांना बोलावू लागले. आठवड्याभरातच राजधानीच्या अधिकृत वृत्तपत्राने लिहिले, की हा प्रकार बीजिंगला शोभणारा नाही. आजची स्थिती या दोन टोकांच्या मधली आहे. लहान शहरांत ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी गाडे लागतात. शानदोंगमधल्या झिबो या औद्योगिक शहराने तर २०२३ मध्ये अंगारावर भाजलेल्या मांसाच्या जोरावर देशभरातले तरुण आगगाड्या भरभरून ओढून आणले. मोठ्या शहरांत मात्र रात्री दहानंतर मेट्रोच्या दाराशी तीनचाकीवर भाजलेली रताळी विकणारा माणूस मान सतत एका दिशेला वळवत असतो.

हा सगळा 'चिनी स्वभाव' आहे असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोडण्यासाठी दक्षिणेला झूहायच्या सीमेवरून चालत मकावमध्ये जावे. माणसे तीच, कँटोनी बोलीही तीच. पण शे-दोनशे पावलांत वाहने डावीकडून धावू लागतात, खिशातल्या नोटा चालतात, चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांची नक्षी दिसते आणि निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर रस्त्याचे नाव चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत वाचायला मिळते. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्यातून चालत असे. पणजीच्या फोंतेंय्न्यश भागात वाढलेल्या माणसाला त्या फरश्या ओळखीच्या वाटतील. १९९९ मध्ये मकाव चीनकडे परत आले, तरी रस्त्याचे कायदे वेगळेच राहिले. रस्त्याचे वळण माणसांच्या रक्तात नसते, ते नियमांत आणि हिशेबांत असते, हे या दोनशे पावलांत जसे दिसते तसे पुस्तकात दिसत नाही.

वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या दिवसांत बीजिंग किंवा शांघायला पोचणारा प्रवासी बहुधा निराश होतो. आदले काही दिवस स्थानकांवर गोण्या, रंगाचे रिकामे डबे आणि भेटवस्तूंची खोकी घेऊन माणसांचा महापूर लोटलेला असतो. वर्षातून एकदा गावी, ठेवून आलेल्या मुलांकडे आणि म्हाताऱ्यांकडे जाणारा. मग शहर रिते होते. कंदील लागलेले असतात, रस्ते स्वच्छ असतात, उद्यानात पाण्याने अक्षरे लिहिणारे आजोबाही असतात. पण च्यानबिंगचा तवा नाही, नूडल्स ताणणारा नाही, भाजीवाली नाही, मोची नाही, आणि ॲपवर मागवलेले जेवण दुप्पट वेळाने येते. बंद फळीवर लाल कागद चिकटवलेला असतो. भाषांतराचा कॅमेरा त्यावर धरला तर एवढेच उमटते : गावी जात आहोत, पहिल्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी उघडू.